विश्लेषण : ‘स्कार्बरो फेअर’ हे गाणं नेमकं कोणाचं? लोकगायक मार्टिन कार्थी यांच्या साठ वर्षांच्या वाटचालीतून मिळणारं उत्तर

सायमन अँड गारफंकल यांच्यामुळे जगभर पोहोचलेल्या इंग्रजी लोकगीतामागे एका खाणकामगाराचा गळा आणि एका लंडनच्या गिटारवादकाची बोटं होती. दोघांचीही नावं रेकॉर्डवर नव्हती. पुढे काय झालं आणि लोकगीतावर हक्क कोणाचा असतो?

गाणं तुम्ही ऐकलेलं असण्याची शक्यता बरीच आहे. नाव आठवत नसेल, पण चाल ओळखीची वाटेल. ‘स्कार्बरो फेअर’. संथ लय, गिटारच्या तारांवरून उतरत जाणारे सूर आणि पालुपदात येणारी चार सुगंधी वनस्पतींची नावं. १९६६ मध्ये सायमन अँड गारफंकल या अमेरिकी जोडीने ते रेकॉर्ड केलं. १९६७ मध्ये ‘द ग्रॅज्युएट’ या चित्रपटात ते वाजलं आणि जगभर गेलं. आज यूट्यूबवर शोधलं तर त्याच्या किती आवृत्त्या सापडतील, याची मोजदाद करणं अवघड आहे.

पण पॉल सायमन हे गाणं शिकले ते लंडनमध्ये, मार्टिन कार्थी या तरुण इंग्रज लोकगायकाकडून. अमेरिकी रेकॉर्डवर श्रेय लागलं ते सायमन आणि गारफंकल यांच्या नावाने. कार्थी यांचं नाव नव्हतं. गाणं पारंपरिक आहे, असाही उल्लेख नव्हता.

गाण्याचे मालक कार्थी होते का? नाही. मग त्यांच्यावर अन्याय झाला का? बहुतेकांचं उत्तर ‘हो’ असेल. ही दोन उत्तरं एकाच वेळी खरी कशी असू शकतात, हे समजून घ्यायचं तर या माणसाचं आयुष्य बघावं लागतं.

कोण आहेत मार्टिन कार्थी?

कार्थी यांचा जन्म २१ मे १९४१ रोजी इंग्लंडमधल्या हर्टफर्डशर परगण्यातल्या हॅटफिल्ड इथला. बालपण गेलं लंडनच्या हॅम्पस्टेड भागात. वडिलांचं घराणं थेम्स नदीवर मालवाहू होड्या चालवणाऱ्यांचं. वडील स्वतः तरुणपणी फिडल आणि गिटार वाजवत. मार्टिन यांनी लहानपणी चर्चच्या गायकवृंदात गायन केलं, म्हणजे सुरांची शिस्त लवकर लागली. पण लोकसंगीताशी त्यांचा तेव्हा फारसा संबंध नव्हता.

गिटार हातात आली ती १९५० च्या दशकातल्या ‘स्किफल’ नावाच्या लाटेमुळे. स्किफल म्हणजे अमेरिकी लोकगीतं आणि ब्लूज स्वस्तातल्या वाद्यांवर वाजवायचा प्रकार. गिटार, कपडे धुण्याची नालीदार पाटी आणि चहाच्या पेटीला दोरी बांधून केलेला बास, एवढ्यावर बँड तयार व्हायचा. लोनी डोनेगन यांचं ‘रॉक आयलंड लाइन’ १९५६ मध्ये गाजलं आणि हजारो ब्रिटिश मुलांनी गिटार उचलली. कार्थी यांनी वडिलांची जुनी गिटार घेतली.

शाळेनंतर ते नाटक कंपन्यांत काम करू लागले. पडद्यामागून संवादांची आठवण करून देणारा प्रॉम्प्टर, मग रंगमंच व्यवस्थापकाचा मदतनीस. संध्याकाळी गाणं. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला लंडनच्या अर्ल्स कोर्ट भागातल्या ‘ट्रूबडूर’ या कॉफी हाऊसमधल्या फोक क्लबचे ते नियमित गायक झाले.

एका म्हाताऱ्या मच्छीमाराने दिशा कशी बदलली?

स्किफल गाणाऱ्या बहुतेक मुलांपैकी काही रॉक अँड रोलकडे गेली, काहींनी गिटार माळ्यावर टाकली. कार्थी यांचं तसं झालं नाही, त्याला कारण आहे सॅम लार्नर हे नाव.

लार्नर यांचा जन्म १८७८ चा. नॉरफोकच्या किनाऱ्यावरचं विंटरटन हे त्यांचं गाव. आयुष्यभर हेरिंग मासे पकडणाऱ्या बोटींवर काम केलं. गाणी शिकले ती बोटीवर आणि गावच्या पबमध्ये. रेकॉर्डिंग स्टुडिओ वगैरे गोष्टींशी संबंध आला तो थेट म्हातारपणी. १९५८ मध्ये गायक एवन मॅकॉल यांच्या लंडनमधल्या क्लबमध्ये लार्नर गायले. श्रोत्यांत १७ वर्षांचे कार्थी होते.

कार्थी यांनी अनेक मुलाखतींत सांगितलं आहे की त्या संध्याकाळने त्यांचं आयुष्य बदललं. साथीला कोणतंही वाद्य नाही. ताल काटेकोर नाही, सूर आपल्याला सवय असलेल्या सुरावटींसारखे नाहीत. तरीही ऐकणारा खिळून राहतो, कारण गायक गोष्ट सांगतो आहे आणि ती गोष्ट त्याला माहीत आहे.

इथे एक फरक लक्षात घ्यायला हवा. लार्नर यांच्यासारख्यांना ‘पारंपरिक गायक’ म्हणतात. गाणं त्यांच्याकडे घरातून, कामाच्या जागेतून, गावातून आलेलं असतं. कार्थी यांच्यासारख्यांना ‘पुनरुज्जीवनातले गायक’ म्हणतात. ते शहरात वाढले आणि गाणी पुस्तकांतून, रेकॉर्डिंगमधून, जुन्या गायकांना ऐकून शिकले. १९५० आणि ६० च्या दशकांत ब्रिटनमध्ये जी लोकसंगीताची चळवळ उभी राहिली, ती मुख्यतः या दुसऱ्या गटाने चालवली. पण तिचा कच्चा माल पहिल्या गटाकडून आला. श्रेयाचा प्रश्न तिथूनच सुरू होतो.

‘स्कार्बरो फेअर’ कार्थी यांच्यापर्यंत कसं पोहोचलं?

स्कार्बरो हे उत्तर यॉर्कशरच्या किनाऱ्यावरचं शहर. तिथे मध्ययुगापासून मोठी जत्रा भरायची. १२५३ मध्ये राजा तिसरा हेन्री याने तिला सनद दिली. अठराव्या शतकाच्या अखेरीस ती बंद पडली. गाणं मात्र उरलं.

गाण्याचा गाभा जत्रेहून वेगळा आहे. दुरावलेले दोन प्रेमिक एकमेकांना अशक्य कामं सांगतात. शिवण न घालता सदरा शिव, समुद्राचं पाणी आणि वाळू यांच्यामधली जमीन कस, मग तू माझा. हीच कल्पना असलेलं ‘द एल्फिन नाइट’ हे कथागीत साधारण १६७० च्या सुमारास छापलेल्या एका पत्रकावर सापडतं. हार्वर्डचे प्राध्यापक फ्रान्सिस जेम्स चाइल्ड यांनी १८८२ ते १८९८ या काळात ३०५ इंग्रजी-स्कॉटिश कथागीतांचा संग्रह केला, त्यात हे दुसऱ्या क्रमांकावर आहे. स्टीव्ह राउड यांनी तयार केलेल्या लोकगीतांच्या सूचीत त्याचा क्रमांक १२ आहे.

म्हणजे स्कॉटलंडपासून अमेरिकेपर्यंत या गाण्याची असंख्य रूपं होती. कुठे गावाचं नाव वेगळं, कुठे पालुपद वेगळं, कुठे चालच वेगळी.

आपण ज्या चालीने ते ओळखतो, तिचा माग मात्र नेमका काढता येतो. डरहॅम परगण्यातल्या मिडलटन-इन-टीसडेल या गावात मार्क अँडरसन नावाचे शिशाच्या खाणीतले निवृत्त कामगार राहत. १९४७ मध्ये एवन मॅकॉल यांनी त्यांच्याकडून हे गाणं ऐकून टिपून घेतलं. मॅकॉल आणि पेगी सीगर यांनी १९६० मध्ये ‘द सिंगिंग आयलंड’ हे लोकगीतांचं पुस्तक काढलं, त्यात ते छापलं. कार्थी यांनी ते त्या पुस्तकातून उचललं, त्याला गिटारची साथ बसवली आणि क्लबांमध्ये गायला सुरुवात केली. १९६५ मधल्या त्यांच्या पहिल्याच अल्बमवर ते आहे.

चालीबद्दल एक गंमत. ती पाश्चात्त्य संगीतातल्या ‘डोरियन मोड’मध्ये आहे. त्यातले स्वर आपल्या काफी थाटाचे आहेत, म्हणजे गंधार आणि निषाद कोमल, बाकीचे शुद्ध. मराठी कानाला ही चाल परकी वाटत नाही, त्याचं एक कारण हे असू शकतं.

डिलन आणि सायमन या कथेत कसे आले?

डिसेंबर १९६२ मध्ये बीबीसीच्या एका टीव्ही नाटकात काम करण्यासाठी २१ वर्षांचे बॉब डिलन लंडनला आले. तो ब्रिटनमधल्या सर्वात कडाक्याच्या हिवाळ्यांपैकी एक होता. डिलन फोक क्लबांमध्ये फिरले, कार्थी यांच्याशी त्यांची मैत्री झाली. त्या थंडीत घरातला एक मोडका पियानो तलवारीने तोडून सरपणासाठी वापरला, त्या कामात डिलनही सामील झाले, हा किस्सा कार्थी आजही सांगतात.

डिलन यांनी कार्थी यांच्याकडून ‘लॉर्ड फ्रँकलिन’ आणि ‘स्कार्बरो फेअर’ ऐकली. १९६३ मध्ये आलेल्या ‘द फ्रीव्हीलिन बॉब डिलन’ या अल्बममधल्या ‘बॉब डिलन्स ड्रीम’ आणि ‘गर्ल फ्रॉम द नॉर्थ कंट्री’ या गाण्यांत त्यांच्या खुणा स्पष्ट दिसतात. डिलन यांनी नवे शब्द लिहिले, चालीला वेगळा आकार दिला. अल्बमच्या पाकिटावरच्या टिपणात कार्थी यांचा उल्लेखही झाला.

पॉल सायमन १९६४-६५ मध्ये इंग्लंडमध्ये होते आणि त्याच क्लबांमध्ये गात होते. १९६५ मध्ये ते कार्थी यांच्याकडून ‘स्कार्बरो फेअर’ शिकले. ऑक्टोबर १९६६ मध्ये सायमन अँड गारफंकल यांच्या ‘पार्सली, सेज, रोजमेरी अँड टाइम’ या अल्बमवर ते आलं. त्यात ‘कँटिकल’ नावाची युद्धविरोधी दुसरी सुरावट गुंफली होती, ती त्यांची स्वतःची होती. पण मूळ गाणं आणि गिटारची चौकट कुठून आली, हे सांगणारं काही नव्हतं. १९६८ मध्ये ते अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत ११ व्या क्रमांकापर्यंत पोहोचलं.

वाद नेमका काय होता? कायदा काय सांगतो?

आपल्याकडे गाण्याखाली ‘पारंपरिक’ असं लिहितात, तसं इंग्रजी रेकॉर्डवर ‘ट्रॅड’ लिहितात. त्याच्या पुढे अनेकदा आणखी एक शब्द असतो. तो म्हणजे ‘अरेंज्ड बाय’, म्हणजे रचना किंवा बांधणी अमक्याची. या दोन शब्दांत सगळा कायदा आहे.

मुद्दे असे :

• ज्याचा कर्ता अज्ञात आहे आणि जे शतकानुशतकं गायलं जातंय, त्या लोकगीतावर कोणाचाही कॉपीराइट नसतो. ते कोणीही गाऊ शकतं, रेकॉर्ड करू शकतं.

• पण त्या गाण्याची विशिष्ट बांधणी, म्हणजे साथ, स्वरसंगती, नवे जोडलेले भाग यांत स्वतःचं सर्जन असेल, तर तेवढ्या भागावर बांधणाऱ्याचा हक्क असू शकतो.

• तुम्ही मूळ स्रोताकडे जाऊन स्वतःची बांधणी केली, तर हरकत नाही. दुसऱ्याची बांधणी उचलली, तर प्रश्न निर्माण होतो.

• ब्रिटनमध्ये कॉपीराइट कर्त्याच्या मृत्यूनंतर ७० वर्षं टिकतो. भारतात ही मुदत ६० वर्षं आहे. लोकगीताच्या बांधणीलाही हाच हिशोब लागतो, गाणं कितीही जुनं असलं तरी.

सॉफ्टवेअरच्या भाषेत सांगायचं तर लोकगीत म्हणजे ओपन सोर्स कोड. कोणीही घ्यावं, बदलावं, पुढे द्यावं. पण एक मोठा फरक आहे. गिटहबवर कोणी कोणती ओळ बदलली याची नोंद राहते. लोकगीतात ती राहत नाही. मार्क अँडरसन यांच्याआधी हे गाणं कोणाच्या गळ्यात होतं, त्यातलं कोणतं वळण कोणाचं, हे सगळं पुसलं गेलं आहे. म्हणूनच जी दोन-तीन नावं माहीत आहेत, ती लिहून ठेवण्याला महत्त्व येतं.

कार्थी आणि सायमन यांच्यात यावरून दीर्घकाळ दुरावा राहिला. लोकसंगीताच्या वर्तुळात ‘सायमनने गाणं चोरलं’ हे वाक्य वर्षानुवर्षं फिरत राहिलं. २००० मध्ये सायमन यांनी लंडनच्या हॅमरस्मिथ अपोलोमधल्या आपल्या मैफलीत कार्थी यांना बोलावलं आणि दोघांनी ‘स्कार्बरो फेअर’ एकत्र गायलं. तिथे दुरावा मिटला.

गाणं मुळात परंपरेचं आहे, आपलं नाही, ही भूमिका कार्थी यांनीही पुढे घेतली. ती सोयीची तडजोड नव्हती. त्यांच्या उरलेल्या कामाकडे पाहिलं तर त्या भूमिकेमागचा विचार दिसतो.

कार्थी यांनी गिटारमध्ये वेगळं काय केलं?

इंग्रजी लोकगीतं मुळात बिनसाथीची. लार्नर यांच्यासारखे गायक गोष्टीनुसार लय सैल सोडत, घट्ट करत. गिटार आली की दोन अडचणी येतात. एक, ताल ठोकळेबाज होतो. दोन, पाश्चात्त्य कॉर्ड वाजवली की गाणं ‘मेजर’ किंवा ‘मायनर’ अशा एका खणात बसतं. जुन्या चाली मात्र या दोन्ही खणांत नीट बसत नाहीत.

कार्थी यांनी यावर अनेक वर्षं प्रयोग केले आणि गिटारच्या तारांचं जुळवणंच बदललं. नेहमीची गिटार जाड तारेपासून बारीक तारेकडे ई-ए-डी-जी-बी-ई अशी लावतात. कार्थी यांचं जुळवणं सी-जी-सी-डी-जी-ए असं स्थिरावलं. आपल्या सरगमीत मांडायचं तर ‘सी’ला षड्ज धरून सा-प-सा-रे-प-ध.

यात काय नाही ते बघा. गंधार नाही. मेजर की मायनर हे ठरवणारा स्वर म्हणजे गंधार, शुद्ध की कोमल. तोच मोकळ्या तारांत नाही. त्यामुळे गिटार स्वतःहून गाण्याचा मूड ठरवत नाही, तो निर्णय चालीकडे राहतो. खालच्या तारा तानपुऱ्यासारखा आधार देत राहतात.

दुसरी गोष्ट वाजवण्याची. कार्थी अंगठ्याने खालच्या तारांवर ठोके देतात आणि वरच्या तारांवर गायची चालच वाजवतात. गळा आणि गिटार एकाच ओळीवरून चालतात. गायकाने गोष्टीसाठी अर्धी मात्रा जास्त घेतली, तर गिटारही थांबते. अमेरिकेच्या ‘मार्टिन’ या नामांकित गिटार कंपनीने पुढे त्यांच्या नावाचं खास मॉडेल काढलं. ब्रिटनमधल्या लोकसंगीताच्या गिटारवादनावर त्यांचा ठसा किती खोल आहे, हे त्यावरून कळतं.

फक्त जुनी गाणी जपली, की बदललीही?

दोन्ही. कार्थी यांचं एक मत प्रसिद्ध आहे. लोकगीताचं नुकसान एकाच गोष्टीने होतं, ते म्हणजे ते न गाणं. बाकी काहीही केलं तरी गाणं ते सोसतं.

चाइल्ड यांच्या संग्रहातली अनेक कथागीतं तुकड्यांत आहेत. कुठे कडवी गहाळ, कुठे चालच उपलब्ध नाही. कार्थी यांनी वेगवेगळ्या आवृत्त्या समोर ठेवल्या, मधल्या जागा स्वतः भरल्या, चाली जुळवल्या आणि गोष्ट पुन्हा गाता येईल अशी केली. ‘द फेमस फ्लॉवर ऑफ सर्व्हिंग मेन’ हे त्याचं गाजलेलं उदाहरण. आईने पाठवलेले मारेकरी नवऱ्याचा आणि बाळाचा जीव घेतात, ती स्त्री पुरुषाचा वेश करून राजाकडे चाकरीला लागते, अशी ही कथा. १९७२ मधल्या ‘शियरवॉटर’ या अल्बमवर ते नऊ मिनिटांहून अधिक चालतं. आज अनेक जण ते मूळ लोकगीत समजून गातात, प्रत्यक्षात गातात ती बऱ्याच अंशी कार्थी यांची बांधणी.

गंमत बघा. सायमन यांच्या बाबतीत जे खुपलं, त्याचाच हा दुसरा चेहरा. आपलं काम परंपरेत इतकं मिसळून जावं की नाव उरू नये, हा लोकगायकाचा सर्वात मोठा सन्मानही आहे. फरक एवढाच की एका ठिकाणी नाव काळाच्या ओघात विरघळतं, दुसऱ्या ठिकाणी ते छपाईच्या वेळीच लिहिलं जात नाही.

बँड, वीज आणि वॉटरसन कुटुंब

१९६० च्या दशकात कार्थी आणि फिडलवादक डेव्ह स्वारब्रिक यांची जोडी क्लबांमध्ये गाजली. १९६९ मध्ये स्वारब्रिक ‘फेअरपोर्ट कन्व्हेन्शन’ या फोक-रॉक बँडमध्ये गेले. १९७० मध्ये कार्थीही ‘स्टीलाय स्पॅन’ या बँडमध्ये दाखल झाले. बँडचं हे नाव आधी त्यांनीच सुचवलं होतं, एका लिंकनशर लोकगीतातल्या पात्रावरून. इथे त्यांनी चक्क इलेक्ट्रिक गिटार हाती घेतली. ‘प्लीज टू सी द किंग’ हा १९७१ चा अल्बम इंग्रजी फोक-रॉकमधला मैलाचा दगड मानला जातो.

बँडला मोठं यश मिळायच्या आधीच, १९७१ मध्ये ते बाहेर पडले. १९७२ मध्ये त्यांनी नॉर्मा वॉटरसन यांच्याशी लग्न केलं आणि वॉटरसन कुटुंबाच्या गायकवृंदात सामील झाले. नॉर्मा, लाल आणि माइक ही हल या बंदराच्या शहरातली भावंडं. आईवडील लहानपणीच गेले, आजीने वाढवलं. वाद्यांशिवाय, तीन-चार गळ्यांच्या खडबडीत स्वरमेळात गाणं ही त्यांची ओळख. विजेच्या गिटारवरून थेट बिनवाद्यांच्या गाण्याकडे, असा हा उलटा प्रवास होता.

पुढे हे कुटुंब यॉर्कशरच्या किनाऱ्यावर रॉबिन हूड्स बे इथे स्थायिक झालं. ज्या गाण्याने कार्थी यांचा पाठलाग केला, त्यातलं स्कार्बरो त्याच किनाऱ्यावर, थोडं दक्षिणेला आहे.

१९७५ मध्ये जन्मलेल्या त्यांच्या मुलीने, एलायझा कार्थी यांनी, फिडल आणि गाणं हाती घेतलं. आई, वडील आणि मुलगी ‘वॉटरसन : कार्थी’ या नावाने एकत्र गाऊ लागले. ब्रिटनमध्ये वर्षातल्या उत्तम अल्बमला ‘मर्क्युरी’ पुरस्कार दिला जातो. त्याच्या अंतिम यादीत नॉर्मा १९९६ मध्ये, तर एलायझा १९९८ आणि २००३ मध्ये पोहोचल्या. स्वतः कार्थी यांना १९९८ मध्ये ‘एमबीई’ हा किताब आणि २०१४ मध्ये बीबीसी रेडिओ २ चा जीवनगौरव मिळाला.

एवढं नाव, मग पैसा?

इथे चित्र वेगळं आहे. ब्रिटनमधले फोक क्लब बहुतांश पबच्या वरच्या खोलीत भरतात. ते हौशी लोक चालवतात, तिकीट माफक असतं आणि श्रोते काही डझन. गायक गिटार घेऊन ट्रेनने येतो, गातो, कोणाच्या तरी घरी मुक्काम करतो आणि सकाळी पुढच्या गावी जातो. कार्थी यांनी जवळपास सगळं आयुष्य असं काढलं. डिलन आणि सायमन स्टेडियम भरत असताना त्यांना गाणी देणारा माणूस पबच्या खोलीत गात होता. ती त्यांची निवडही होती.

या जगण्यात एक धोका असतो. गाणं थांबलं की उत्पन्न थांबतं. २०१० मध्ये नॉर्मा गंभीर आजारी पडल्या. २०२० मध्ये कोव्हिडमुळे मैफली बंद झाल्या. साठ वर्षं गाऊनही या कुटुंबाकडे राखीव गंगाजळी नव्हती. २०२२ च्या सुरुवातीला एलायझा यांना चाहत्यांकडे आर्थिक मदतीचं जाहीर आवाहन करावं लागलं. ३० जानेवारी २०२२ रोजी नॉर्मा यांचं निधन झालं.

श्रेय हा फक्त मानाचा विषय नाही, हे इथे कळतं. अल्बमच्या मागे छापलेल्या एका ओळीवर रॉयल्टी ठरते आणि ती रॉयल्टी म्हातारपणी, आजारपणात, मैफली बंद असताना येत राहते. ज्याच्या नावावर ती ओळ नाही, त्याला पुढच्या गावची ट्रेन पकडावीच लागते.

८४ व्या वर्षी पुन्हा तेच गाणं का?

२१ मे २०२५ रोजी, आपल्या ८४ व्या वाढदिवशी, कार्थी यांनी ‘ट्रान्सफॉर्म मी देन इन्टू अ फिश’ हा अल्बम काढला. २००४ नंतरचा हा त्यांचा पहिलाच एकल स्टुडिओ अल्बम. कल्पना साधी होती. १९६५ च्या पहिल्या अल्बममधली गाणी साठ वर्षांनी पुन्हा गायची.

त्यात ‘स्कार्बरो फेअर’ आहे आणि त्यात सतार वाजते. वादक आहेत शीमा मुखर्जी. ही जोडी नवी नाही. २००७ च्या सुमारास ‘द इमॅजिन्ड व्हिलेज’ नावाचा एक प्रकल्प सुरू झाला होता. इंग्रजी लोकसंगीत आजच्या बहुवांशिक इंग्लंडचं असेल तर ते कसं ऐकू येईल, हा त्यामागचा प्रश्न. त्यात कार्थी बापलेक, मुखर्जी यांची सतार, जॉनी कल्सी यांचा ढोल आणि कवी बेंजामिन झेफानाया असे सगळे एकत्र आले होते.

जुन्या आवाजाचा गुळगुळीतपणा आता गेला आहे. श्वास पुरत नाही तिथे ओळ तुटते. पण गोष्ट सांगण्याची पकड तीच आहे. १७ व्या वर्षी सॅम लार्नर यांच्याकडे त्यांनी जे ऐकलं, ते आता त्यांच्या स्वतःच्या गळ्यात आहे.

हा अल्बम २०२५ च्या मर्क्युरी पुरस्काराच्या अंतिम यादीत आला. या यादीत स्थान मिळवणारे कार्थी आजवरचे सर्वात वयोवृद्ध कलाकार ठरले. पुरस्कार मिळाला सॅम फेंडर या तरुण गायकाला. पण आई, मुलगी आणि वडील तिघांनीही स्वतंत्रपणे या यादीत येण्याचा योग जुळून आला.

मग गाणं कोणाचं?

कायद्याचं उत्तर : मूळ गाणं कोणाचंही नाही, म्हणजे सगळ्यांचं. बांधणी ज्याची त्याची.

कार्थी यांच्या आयुष्यातून मिळणारं उत्तर याहून थोडं पुढे जातं. गाण्यावर मालकी नसली तरी गाण्याचं ऋण असतं, आणि ते फेडण्याचा सर्वात स्वस्त मार्ग म्हणजे नाव सांगणं. कार्थी आपल्या अल्बमच्या टिपणांत आणि मैफलींत गाणं कोणाकडून आलं, हे सांगत आले आहेत. हा मच्छीमार, ती संग्राहक, ते पुस्तक. त्यामुळेच शिशाच्या खाणीतल्या मार्क अँडरसन यांचं नाव आज आपल्याला माहीत आहे.

इंग्लंडमध्ये ही नावं शोधणं आता मोबाइलवरही शक्य आहे. लंडनच्या सेसिल शार्प हाऊसमधल्या व्हॉन विल्यम्स मेमोरियल लायब्ररीने जुन्या संग्राहकांच्या हस्तलिखित वह्या आणि राउड सूची ऑनलाइन मोफत ठेवल्या आहेत. राउड क्रमांक १२ टाकला की ‘स्कार्बरो फेअर’ची कुठल्या कुठल्या गावांत, कोणाकोणाच्या तोंडून टिपलेली रूपं समोर येतात.

पुढच्या वेळी हे गाणं कानावर पडलं तर आधी सायमन अँड गारफंकल यांचं ऐका. मग १९६५ चं कार्थी यांचं, आणि शेवटी २०२५ चं सतारीसह. तीनही मोबाइलवर पंधरा मिनिटांत ऐकून होतात. त्यांच्यामागचं चौथं, टीसडेलच्या खाणकामगाराचं, चौघांत सर्वात कमी लोकांच्या कानावर गेलं, आणि बाकीची तिन्ही त्याच्यामुळेच आहेत.